बाटलीवरचा इशारा कोणासाठी?

सिगारेटच्या पाकिटावरचे भयंकर चित्र लहान मूलही ओळखते. २०१६ पासून आपल्याकडे तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्यालाही आत काय आहे ते कळते. ते रिकामे पाकीट कोणी घरात सजवून ठेवत नाही.

दारूची रिकामी बाटली मात्र ठेवली जाते. कित्येक घरांत तिच्यात मनी प्लांट वाढत असतो, कारण ती दिसायला सुंदर असते. सोनेरी अक्षरे, राजेशाही चिन्हे, नक्षीदार काच. आणि इशारा? तो शोधावा लागतो.

कायद्यात इशारा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार एप्रिल २०१९ पासून दारू आरोग्यास हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढे बाटलीवर छापावेच लागते. पण अक्षरे किती मोठी? मोठ्या बाटलीवर किमान ३ मिलिमीटर आणि २०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीवर किमान दीड मिलिमीटर. भाषा इंग्रजी, राज्याने ठरवले तरच स्थानिक भाषा. म्हणजे दिवसभराच्या मजुरीतून क्वार्टर घेणाऱ्याच्या हाती सर्वांत बारीक अक्षरे पडतात आणि तीही बहुधा त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. हा इशारा लोकांना सावध करण्यासाठी आहे की नियम पाळल्याचे दाखवण्यासाठी?

‘हानिकारक’ हा शब्दही आता गुळगुळीत झाला आहे. दारूने लिव्हर खराब होते हे सर्वांना माहीत असते. कॅन्सर होतो हे फार थोड्यांना. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला तंबाखूच्या पंक्तीत, कॅन्सर निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांत बसवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सर्वांच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे. स्तनाच्या कॅन्सरचा धोका तर थोड्या प्रमाणातही वाढतो. पार्टीत ‘वाइन काय, द्राक्षांचाच रस’ म्हणत ग्लास पुढे केला जातो, तेव्हा हे कोणी सांगत नाही. गरोदरपणात एक घोटही सुरक्षित मानता येत नाही, हेही त्या इशाऱ्यात नाही.

‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. हिशेब करून पाहा. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ३० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम. म्हणजे एक बाटली बिअर आणि चार पेग व्हिस्की जवळजवळ सारखेच. बाटलीवर हे ग्रॅममध्ये, ठळक लिहिले तर घरातला अर्धा वाद तिथेच मिटेल.

असा प्रयत्न करणाऱ्यांना विरोधही झाला. कॅनडातल्या युकॉन प्रदेशात २०१७ मध्ये बाटल्यांवर कॅन्सरचा इशारा चिकटवला गेला. महिनाभरातच उद्योगाच्या दबावामुळे तो थांबवावा लागला. आयर्लंडने २०२३ मध्ये यकृताचे आजार, कॅन्सर आणि गरोदरपण या तिन्हींचे इशारे सक्तीचे करण्याचा नियम केला. तो २०२६ मध्ये लागू व्हायचा होता, पण २०२८ पर्यंत पुढे ढकलला गेला. इशाऱ्याचा काही उपयोगच नसता, तर उद्योगाने एवढी धास्ती का घेतली असती?

वेष्टनाचेही तेच. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये सिगारेटच्या सर्व पाकिटांना एकच मळकट रंग दिला. कंपनीचे नाव फक्त साध्या अक्षरांत. आपल्याकडे दारू उलट फळांच्या रसासारख्या टेट्रा पॅकमध्ये मिळू लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रेड मार्कच्या एका वादात असे पॅक समोर आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयालाही चिंता वाटली. मुलाच्या दप्तरात सहज लपेल अशा वस्तूवर निदान दारूची ओळख तरी ठळक नको का?

कोणी म्हणेल, दारुड्या कुठे लेबल वाचतो? खरे आहे. व्यसनात बुडालेल्याला लेबल वाचवणार नाही. पण इशारा पहिला ग्लास हाती घेणाऱ्या कॉलेजच्या मुलासाठी आहे, ‘कधीतरी चालते’ म्हणणाऱ्या गृहिणीसाठी आहे आणि कपाटात बाटली सापडलेल्या आईसाठीही आहे.

सरकारे मात्र गप्प आहेत. दारू जीएसटीबाहेर आहे, तिचे उत्पादन शुल्क थेट राज्याच्या तिजोरीत जाते. तिजोरी भरते त्या बाटलीवर भीतिदायक चित्र कोण छापणार? दवाखान्याचे बिल मात्र घरच्या बाईच्या दागिन्यांतून भरले जाते.

मागणी मोठी नाही. इशारा राज्याच्या भाषेत, चित्रासह, बाटलीच्या दर्शनी बाजूला हवा. त्यात कॅन्सर आणि गरोदरपणाचा स्पष्ट उल्लेख हवा. शेजारी व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६ हवा. पिणारा तो लावेल न लावेल; रिकामी बाटली उचलणारी त्याची बायको नक्की लावेल.