रायफलीची ‘सुधारणा’ आणि पिकांचे रक्षण

रोही आणि रानडुकरांचे कळप उभ्या पिकात शिरतात, ही जालना जिल्ह्यातील शेतकऱ्यांची तक्रार नवी नाही. मका, तूर, हरभरा यांचे रात्रीतून होणारे नुकसान भरून निघत नाही आणि राखणीला माणूस मिळत नाही. अशा वेळी घरातल्या परवान्याच्या जुन्या रायफलीकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. मात्र, तीच रायफल अधिक जोरकस काडतुसासाठी ‘सुधारून’ घ्यावी, हा विचार वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

बोल्ट सरकवून भरण्याच्या रायफलीत काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, किंचित मोठे करून त्यात जास्त दारूचे काडतूस वापरण्याची पद्धत अमेरिकेत रूढ आहे. पी. ओ. ॲकली या बंदूकतज्ज्ञाने विसाव्या शतकात ती लोकप्रिय केली. तेथे हा छंद आहे. येथे तो आधी कायद्याचा आणि मग धातूचा प्रश्न ठरतो.

धातूची गोष्ट इछापूरच्या कारखान्याने दाखवून दिली आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर लष्कराला ७.६२ मिमी काडतुसाची रायफल हवी होती. जुन्या ‘थ्री नॉट थ्री’च्या आराखड्यावर ती तयार झाली खरी, पण नव्या काडतुसाचा दाब अधिक असल्याने कारखान्याने केवळ चेंबर बदलले नाही, तर अधिक मजबूत पोलाद वापरून रायफल नव्याने घडवली. ‘२ए१’ या नावाने ती पुढे पोलिसांच्याही हाती आली. जे काम सरकारी कारखान्याने पोलाद बदलून केले, ते गावातल्या लेथवर होण्यासारखे नाही. दाब पेलला नाही, तर बोल्टचा आघात नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्यावरच होतो.

भारतातील नागरी रायफलीचा .३१५ बोअरही सहज आलेला नाही. लष्करी काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत, या ब्रिटिश धोरणाचे ते अपत्य. स्वतंत्र भारताने ते धोरण टाकले नाही. .३०३ किंवा ७.६२ मिमीची लष्करी काडतुसे ज्यातून झाडता येतील अशा रायफली प्रतिबंधित गटात मोडतात. म्हणजे बदल त्या दिशेने झाला, तर परवान्याची रायफल कायद्याच्या दृष्टीने वेगळेच शस्त्र होते. प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षांची शिक्षा आहे. बदल दुसऱ्या एखाद्या काडतुसासाठी असला, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांच्या जोडीला ‘रूपांतर’ हा शब्दही आहे. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. शिवाय परवान्यावरची नोंद एका बोअरची आणि हातातले शस्त्र दुसऱ्या बोअरचे, ही विसंगती कोणत्याही तपासणीत उघड होते.

गंमत अशी, की पिकांच्या रक्षणासाठी कायद्याने रायफल गृहीतच धरलेली नाही. कलम १३ मध्ये त्यासाठी तोंडातून ठासायच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती अपुरी वाटली, तर गुळगुळीत नळीची बंदूक. यामागे साधा हिशेब आहे. छऱ्यांचा मारा थोड्या अंतरात संपतो, रायफलीची गोळी मात्र दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. जालन्यासारख्या बऱ्याच अंशी सपाट मुलखात, शेतवस्त्या विखुरलेल्या असताना, अंधारात नेम चुकल्यास ती कोठे थांबेल याचा भरवसा कोण देणार? काडतूस जितके जोरकस, तितका हा धोका मोठा.

शिवाय शस्त्र परवान्याचे असले, म्हणून जनावर मारण्याची मुभा मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका असल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असले, तरी ही वाट खुली आहे. शेतकऱ्याची खरी अडचण येथेच आहे. शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयात, जनावराची परवानगी वन विभागाकडे आणि पीक कापणीला आलेले. दोन्ही कार्यालयांचे कागद हंगामाआधी एकत्र आले, तर नळीत फेरफार करण्याचा मोह उरणार नाही; हंगाम उलटल्यावर हाती आलेल्या परवानगीने मात्र एक कणीसही वाचत नाही.