मालक बदलला तरी बटण तेच!

१ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारे ठरवून जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाइलवरून पसरली होती. हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. चीड येते ती अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुढे येणाऱ्या तोडग्याची: ‘सगळे एका कंपनीच्या हातात आहे म्हणून असे होते. विकेंद्रित जाळे आणा, ज्याचा त्याचा सर्व्हर असू द्या, मग रोगच राहणार नाही.’

या वैद्यांना विचारा, व्हॉट्सॲपवर ती अफवा कुठल्या केंद्राने पसरवली? तिथले निरोप कुलूपबंद, कंपनीलाही वाचता येत नाहीत. काय वर दाखवायचे हे ठरवणारा अल्गोरिदम गप्पांच्या गटात नव्हता. गट गावातला, ॲडमिन गावातला, पाठवणारा ओळखीचा. याहून विकेंद्रित ते काय असते?

घात केला रचनेने. बटण दाबून निरोप पुढे ढकलला की मूळ कोणी, कधी, कुठे लिहिला हे गळून पडते. त्या काळात देशभर भीती पसरवणारी एक चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली होती. मूल परत आणून देण्याचा शेवट कापला आणि ती गावोगाव ‘आपल्याकडची’ झाली. खुलासा मात्र त्याच वाटेने, त्याच माणसांपर्यंत मागे जात नाही.

पाच जण मेल्यावर, त्याच महिन्यात, भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा आली. आकडा बदलता येत होता! एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या निरोपांना एका वेळी एकाच ठिकाणी जाण्याची अट लागली, आणि असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. मालकी तीच, सर्व्हर तेच. पण पुढे २०२२ मध्ये गटाची मर्यादा २५६ वरून १०२४ झाली. म्हणजे स्वतः लिहिलेली थाप एका झटक्यात पाच गटांत टाकली, तर पाच हजारांवर माणसे.

‘ही सेन्सॉरशिप झाली,’ असे म्हणणाऱ्यांनी शांतपणे ऐकावे: पाचची मर्यादा कुणाचे पत्र फोडत नाही, कुणाचे तोंड दाबत नाही. ‘लोकच अडाणी,’ म्हणणाऱ्यांशी मात्र शांतपणे बोलणे अवघड आहे. खुलासा पोहोचण्याची वाट ज्यांनी ठेवली नाही, त्यांना सोडून हे लोक निरोप वाचणाऱ्याला दोष देतात.

विकेंद्रीकरणाचे वैद्य मॅस्टोडॉन या विकेंद्रित समाजमाध्यमाचे दाखले देतात. तिथे वातावरण बरे होते, कारण करणाऱ्यांनी मजकुराला चढाओढीने वर ढकलणारी यंत्रणा ठेवली नाही आणि दुसऱ्याची पोस्ट उद्धृत करून टोमणा मारण्याची सोयही बरीच वर्षे टाळली. तेच मोफत सॉफ्टवेअर घेऊन २०१९ मध्ये द्वेषासाठी कुप्रसिद्ध असलेले एक जाळेही उभे राहिले. विकेंद्रीकरणाने ते रोखले नाही. बाकीच्यांनी संबंध तोडले, तेव्हा ते एकटे पडले. दारूचे दुकान बंद करून घरोघर भट्टी लावली, तर गाव व्यसनमुक्त होत नाही.

कंपन्यांची मक्तेदारी आम्हालाही नको. पण नवे जाळे घेऊन कोणी तुमच्या मंडळात, वाचनालयात आला, तर सर्व्हर कुठे आहे हे नंतर विचारा. आधी विचारा: एका बोटाने किती जणांना पाठवता येते? मूळ लिहिणारा आणि तारीख शेवटपर्यंत दिसते का? खोटे ठरलेल्या निरोपाचा खुलासा तो वाचलेल्या प्रत्येकापर्यंत जातो का? उत्तर मिळाल्याशिवाय एकही माणूस त्यात जोडू नका, आणि हीच अट कायद्यात यावी म्हणून तुमच्या आमदार-खासदारांना लेखी मागणी द्या.