पडण्याची मौज

व्हिडीओ गेम हा शब्द निघाला कीं आमच्या पिढीच्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु त्यांतील एका जातीचे खेळ पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें. यांत ना शत्रु, ना बंदूक. उडी मारावयाची आणि पडावयाचें, इतकेंच. 2019 सालीं निघालेला 'जंप किंग' हा त्यांतलाच. कळ जितका वेळ दाबून धरावी तितकी उडी मोठी. एकदां पाय सुटला कीं हवेंत दिशा बदलतां येत नाहीं. केसभर चूक झाली कीं अर्ध्या तासाची चढण मातीमोल. 2017 सालच्या 'गेटिंग ओव्हर इट'मध्यें तर कमरेपर्यंत हंड्यांत बसलेला एक उघडाबंब मनुष्य नुसत्या घणाच्या आधारानें डोंगर चढतो. त्याचें नांव डायोजेनीस, म्हणजे रांजणांत राहणाऱ्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचेंच. खेळाचे कर्ते बेनेट फॉडी हेही तत्त्वज्ञानाचेच अभ्यासक!

पतनाचा विचार आपल्याकडेही झालेला आहे. तर्कसंग्रह शिकलेल्या वाचकांस आठवेल कीं, अन्नंभट्टांनीं चोवीस गुणांत गुरुत्वाची गणना करून पहिल्या पतनाचें कारणत्व त्यास दिलें. पुढचें पतन वेगामुळें. खेळ रचणारे मात्र गुरुत्वास हवें तसें वांकवितात. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्यें वर जातांना कळ दाबून धरली तर गुरुत्व सौम्य, खालीं येतांना तीव्र. शिवाय अधांतरीं दिशाही बदलतां येते. न्यूटनचें समाधान होणार नाहीं, पण डोळ्यांस तें खरें वाटतें. 'जंप किंग'नें हवेंतली ती सवलत काढून घेतली, आणि मुलें लुब्ध आहेत तीं नेमकीं त्या कठोरपणावर.

असें कां व्हावें? आमचा नातू यंदा दहावीला आहे. त्याचें प्रत्येक पाऊल कोणीतरी मोजीत असतें: शाळा, क्लास, आईबाप, आणि खोटें कशाला बोला, आजोबाही. दोन गुण कमी पडले कीं घरांत कुजबुज सुरू होते. खेळांत तो पन्नास वेळां पडतो. कोणी ब्र काढीत नाहीं. तो स्वतःशींच हंसतो आणि पुन्हां चढूं लागतो. त्यांत पक्षपातही नाहीं. कळ तितकाच वेळ दाबली तर उडीही तितकीच. आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत काढलीं, पण इतका निःपक्षपाती परीक्षक आमच्या पाहण्यांत आला नाहीं.

आमच्या लहानपणीं ही मौज विहिरी देत. नेवासें-राहुरीकडील मळ्यांत थारोळ्याच्या काठावरून पोरें मुटके मारीत. नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधलेला असे. तो पोटावर आपटला कीं काठावरचीं पोरें हंसून लोळत, आणि त्याचें पोट संध्याकाळपर्यंत चुरचुरत राही. पडद्यावर तें चुरचुरणें नाहीं, एवढाच आमचा या खेळांवर आक्षेप. उडी कोठें चुकली हें तेव्हां कातडी सांगे. पण मुलांना दोष तरी कसा द्यावा? पुष्कळ विहिरी उन्हाळ्यांत तळ गांठतात. आणि ठिकठिकाणीं झालेल्या शेततळ्यांच्या प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाहीं, पडलेल्यास काठ धरून वर येतां येत नाहीं. अशा तळ्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या वाचल्यावर कोणता बाप मुलाला पाण्यावर धाडील?

सूनबाईंचें म्हणणें, परीक्षा होईपर्यंत खेळ बंद. आम्हीं मध्यस्थी करून रोजचा अर्धा तास मिळविला आहे. नातवानें त्याच्या बदल्यांत आम्हांस हिशेब करून दाखविला कीं, सोळा फुटांवरून पाण्यापर्यंत पोंचावयास सुमारें एक सेकंद लागतो. मे महिन्यांत त्यास अहिल्यानगरास पोहण्याच्या तलावावर घालावयाचें ठरलें आहे. तेथें उडीची फळी आहे कीं नाहीं, याची चौकशी मात्र अद्याप व्हावयाची आहे.