मुलीचा प्रबंध आणि तुरुंगाची पायरी

खांडबाऱ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी एम.ए. करते आणि तिला फौजदारी न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहायचा आहे. त्यासाठी कच्च्या कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटावे लागेल. नातेवाईक म्हणतात, ‘शरीफ घरच्या मुलीने तुरुंगाची पायरी का चढावी?’ भगिनींनी आमचा सल्ला मागितला आहे.

आम्ही म्हणतो, तिला जाऊ द्या.

२०२२ अखेर देशाच्या तुरुंगांतील सुमारे ७६ टक्के कैदी कच्चे होते. म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नव्हता. ही माणसे दिसतात ती कोणीतरी आत जाऊन पाहिले तरच. १९७९ मध्ये कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुस्नआरा खातून या कैदी स्त्रीच्या नावाने तो खटला ओळखला जातो. खटला वेळेत चालणे हा मूलभूत हक्क ठरला आणि हजारो कैदी सुटले.

आपल्या राज्यात अल्पसंख्याक आयोगासाठी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी तुरुंगांतील मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. लोकसंख्येच्या मानाने त्यांचे प्रमाण बरेच जास्त आहे, हे त्यातून पुढे आले. पण बहुतेकांचा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नव्हता, हेही दिसले. आपण घरात बसून ‘आपल्यावर अन्याय होतो’ म्हणत राहतो. नोंदी हातात असल्या की तेच आयोगापुढे, न्यायालयापुढे मांडता येते.

मात्र मुलीने फक्त आपलीच माणसे मोजू नयेत. नंदुरबार जिल्ह्यात शेजारच्या भिल्ल, मावची घरांतली मुलेही जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत राहू शकतात. इन्साफ सर्वांसाठी सारखाच असतो.

तिने काही पथ्ये पाळावीत. मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र आणि तुरुंग खात्याची परवानगी घ्यावी. कैद्याचे नाव-गाव ही अमानत समजावी. ‘सोडवून आणते’ असे वचन कोणालाही देऊ नये.

दोन गोष्टी मात्र तिने भेटेल त्या प्रत्येक आईला सांगाव्यात. पहिली अशी की, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. दुसरी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ची. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सुटकेचा हक्क मागता येतो. इतरांसाठी ही मुदत निम्म्या शिक्षेची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना ही सवलत नाही.

प्रबंध पूर्ण व्हायला वर्ष लागेल. या दोन गोष्टी आजच कोणाच्या तरी घरी उपयोगी पडतील.