चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

अतिसाराने बालक दगावते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. त्यावरील इलाज अत्यंत स्वस्त आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रुग्णांना पाजावयास लावले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

हेच पाणी बांगलादेशातील गरिबाच्या झोपडीत कसे पोहोचावे? तयार पाकिटे खेडोपाडी नेण्याइतकी यंत्रणा नव्हती. बहुतेक माता निरक्षर होत्या. 'ब्रॅक' संस्थेचे संस्थापक फजले हसन आबेद हे मूळचे हिशेबनीस. त्यांच्या संस्थेने १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत कार्यकर्त्या धाडल्या. शिकवण एवढीच, की अर्धा शेर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ घालावा.

खरी खुबी वेतनाच्या रचनेत होती. काही दिवसांनी तपासनीस निवडक घरी जाऊन मातेची परीक्षा घेई. तिला जितके आठवे, त्या प्रमाणात कार्यकर्तीस मोबदला मिळे. केवळ भेटींच्या संख्येवर पैसे दिले असते, तर वह्या भरल्या असत्या आणि शिकवण राहून गेली असती. हे ओळखावयास हिशेबनिसाचीच नजर हवी!

तरीही प्रारंभीच्या पाहणीत निराशा पदरी पडली. मातांना कृती तोंडपाठ होती, पण प्रत्यक्ष वापर फारच थोड्या जणी करीत. चौकशीअंती कळले, की कार्यकर्त्यांचाच या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःचे पोट बिघडले की त्या गोळ्या घेत. त्यांना ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात नेऊन हे पाणी शरीरात कसे कार्य करते ते समजावून देण्यात आले.

दुसरे कारण अधिक खोलवरचे होते. घरातील पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. कनवटीचा पैसा त्यांचा, बाळाला कोणता उपचार द्यावा याचा निर्णयही त्यांचाच. परक्या बायका येऊन घरात काय सांगून जातात, याचा त्यांना रोष होता. मग बाजारात आणि मशिदींत पुरुषांच्या सभा घेण्यात आल्या. त्यानंतर वापर वाढला.

या पाण्याने जीव वाचतो, पण आजार पुन्हा होणे टळत नाही. शुद्ध पाणी व शौचालये यांचा खर्च एकट्या कुटुंबाला पेलणारा नसतो. परंतु अतिसार झालेल्या बालकांस जलसंजीवनी देण्यात आज बांगलादेश जगातील अग्रगण्य देशांत गणला जातो, आणि दुकानात तयार पाकीट सहज मिळू लागले, तरी तेथील कित्येक आज्यांना चिमटीचे ते माप आजही मुखोद्गत आहे.