मोठे टायर, हरवलेला जोर आणि गिअरचे गणित

सुट्टीहून परतलेल्या कॅडेटांच्या गप्पांत हल्ली जीपचा विषय हमखास निघतो. कुणाच्या काकांनी जुनी जिप्सी घेतलेली असते, कुणाच्या वडिलांनी थार. गाडी घरी आली की पहिला खर्च ठरलेला : मोठे, खोल नक्षीचे टायर. गाडी रुबाबदार दिसते, फोटो निघतात. मग पहिल्याच घाटात तक्रार सुरू होते की पिकअप गेला, जो चढ तिसऱ्या गिअरवर व्हायचा तो आता दुसरा मागतो. गेलेला जोर परत आणायला लोक इंजिनाच्या मागे लागतात. नवा एअर फिल्टर, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, चिप. माझे मत असे की हा पैसा चुकीच्या जागी जातो. इंजिन पूर्वीइतकेच काम करत असते. तूट पडते ती चाकाशी, आणि ती भरून काढायची जागा गिअर ही आहे.

हे समजायला आठवी-नववीचे गुणोत्तर आणि तरफेचा नियम पुरेसा आहे. चाक ही एक तरफ आहे. ॲक्सलवर येणारा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या म्हणजे जमिनीवर मिळणारा रेटा. समजा २८ इंच व्यासाच्या टायरच्या जागी ३१ इंचांचा टायर बसवला. टॉर्क तोच, त्रिज्या वाढली. म्हणून रेटा २८ भागिले ३१, म्हणजे सुमारे ९० टक्के उरला. दहा टक्के जोर टायरच्या दुकानातच गेला. शिवाय मोठा टायर जड असतो आणि ते वजन चाकाच्या कडेला असते. त्यामुळे गाडी जागची हलवताना आणि थांबवताना जास्त श्रम पडतात.

आता उपाय. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.१० असेल, तर प्रॉपेलर शाफ्टच्या ४.१० फेऱ्यांमागे चाक एकदा फिरते. मोठ्या टायरवर हेच प्रमाण ३.७० असल्यासारखे वागते. पूर्वीचा जोर हवा असेल तर ४.१० ला ३१ ने गुणून २८ ने भागा. उत्तर येते ४.५४. जीपच्या अनेक ॲक्सलसाठी ४.५६ चा संच मिळतो. तो बसवला की हिशेब जवळजवळ जुळतो. दोन पथ्ये मात्र पाळायची. फोर-व्हील गाडीत पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफरन्शियल एकाच प्रमाणाचे हवेत, नाहीतर फोर-व्हील लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांविरुद्ध ओढतात आणि काहीतरी तुटते. दुसरे, क्राउन-पिनियनच्या दातांमधली फट डायल गेजने मोजून, शिम घालून बसवणारा मिस्त्री हवा. अंदाजाने बसवलेला संच आधी आवाज करतो आणि मग दात टाकतो.

लष्करी गाड्यांकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे इंजिन ६० अश्वशक्तीचे होते; आजच्या अनेक लहान मोटारींत याहून जास्त शक्ती असते. तरीही ती चिखलातून, डोंगरातून गेली. तिचे टायर १६ इंची रिमवरचे, अरुंद; ॲक्सलचे प्रमाण ४.८८, आणि पहिला गिअर व लो रेंज धरून इंजिनाचा टॉर्क ॲक्सलपर्यंत २५ पटींहून जास्त वाढायचा. पुढे अमेरिकी लष्करासाठी हमव्ही तयार झाली. तिला ३७ इंची टायर मिळाले, पण अभियंत्यांनी प्रत्येक चाकाच्या हबमध्ये १.९२ प्रमाणाचा वेगळा गिअरही दिला. टायर आणि गिअर एकाच कागदावर ठरले. आपण घरी टायर आज घेतो आणि गिअरचा विचार घाटात अडकल्यावर करतो.

इंजिनाचा जोर खरोखर कमी होतो तो उंचावर. खारदुंग ला ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही साधारण तेवढीच उरते. त्यात टायरचे दहा टक्के गेले की शिल्लक राहतात जेमतेम ५४ टक्के. लडाखची सहल ठरवणाऱ्या पालकांनी हा गुणाकार निघण्यापूर्वी करावा.

यावर कुणी म्हणेल, टर्बो डिझेल गाडीचे ट्यूनिंग केले तर दहा टक्के टॉर्क सहज वाढतो, मग डिफरन्शियल कशाला उघडायचा? टॉर्क वाढतो हे खरे. पण तो भार क्लचवर पडतो, आणि उतारावरचा प्रश्न तसाच राहतो. घाट उतरताना आपण इंजिनाच्या ब्रेकवर विसंबतो. मोठ्या टायरमुळे तोही दहा टक्क्यांनी कमी झालेला असतो. गिअरचे प्रमाण बदलले तरच तो परत येतो.

एक तूट तर गिअरनेही भरत नाही. पायाचा ब्रेक चाकातच असतो, त्यामुळे पेडलवर तेवढाच दाब दिला तरी जमिनीवरची पकड दहा टक्क्यांनी कमीच मिळते. गिअर बदलला नाही, तर अनेक गाड्यांचा स्पीडोमीटरही फसवतो : काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने जात असते. जोर कमी झाल्याची तक्रार सगळे करतात. ब्रेकची तक्रार कुणी करत नाही, कारण ती कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे. टायर घेण्यापूर्वी दोन्ही डिफरन्शियलचा आणि ब्रेकच्या कामाचा खर्च त्याच यादीत लिहा. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, तेव्हा परिवहन कार्यालयातही आधी विचारा. एकूण रक्कम झेपत नसेल तर कंपनीच्या मापाचेच चांगल्या नक्षीचे टायर घ्या. व्यास तीन इंच वाढला तरी ॲक्सल दीडच इंच उचलला जातो. वाळूत आणि चिखलात टायरची हवा कमी केल्याने बरेच काम भागते. डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरायची एवढेच.

प्रशिक्षकांना एक विनंती. तरफेचा धडा शिकवताना मुलांना शाळेच्या गाडीजवळ न्या. टायरचा व्यास टेपने मोजू द्या आणि तीन इंच मोठा टायर बसवला तर रेटा, वेग आणि ब्रेक यांचे काय होईल ते वहीत काढू द्या. कॅडेट मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली गाड्या असतील आणि त्यांत माणसे बसलेली असतील. गाडी चढत नाही अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला, तर बॉनेट उघडण्यापूर्वी त्याला विचारा, गेल्या महिन्यात गाडीत काय बदललेत?