भरपाई ही मेहेरबानी नव्हे!

२० ऑगस्ट २०२१. आमच्या बीबीपासून जवळच, सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगाव फाट्यानजीक समृद्धी महामार्गाच्या कामाचा टिप्पर उलटला. सळयांवर बसवून नेलेले १३ मजूर ठार झाले.

अशा वेळी अनेक ठेकेदार मयताच्या घरच्यांच्या हातावर थोडे पैसे टेकवून अंगठा घेतात. तेव्हा लागू असलेला १९२३ चा कायदा काय सांगत होता? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा अर्धा भाग गुणिले वयाचा गुणांक. ३० वर्षांच्या मजुराचा गुणांक २०७.९८. वेतन १५ हजार धरले तर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये! ही रक्कम आयुक्तांकडेच जमा करायची. मर्यादित आगाऊ रक्कम सोडता परस्पर दिलेला पैसा भरपाई ठरत नव्हता.

मालक विमा काढतो तो ही जबाबदारी कंपनीवर टाकण्यासाठी. हप्ता वेतनावर ठरतो, म्हणून कागदावर मजूरही कमी आणि वेतनही कमी. अपघातानंतर कंपनी हात झटकते. पण विमा असो वा नसो, देणे मालकाचेच. ठेकेदार पळाला तर काम देणारा मूळ मालक बांधील.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली. भरपाईचे सूत्र तेच राहिले. परंतु हजेरीचा पुरावाच नसेल तर सूत्र काय कामाचे?

१९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. कार्यकर्त्यांनो, मजुरांच्या नाक्यावर जा. मजुरी मिळाल्याची नोंद, मुकादमाचे नाव, कामाचा फोटो जपायला सांगा. दाव्याची मुदत दोन वर्षे आहे. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र कुणालाही देऊ नका!